डाळीचा भाव कोणता धरायचा?

माझ्या दोन वहिन्या. थोरली बार्शी तालुक्यातल्या गावात. जिरायती रान, खरिपात तूर-सोयाबीन, रब्बीला ज्वारी. धाकटी पुण्यात धायरीला; नवरा-बायको दोघं नोकरीला, दोन शाळकरी मुलं, शिवाय आमची आई. घरखर्च कोठीत आवरतो असं थोरलीचं म्हणणं, तो यादीत आवरतो असं धाकटीचं. गेल्या पावसाळ्यात थोरली आठवडाभर पुण्याला राहून गेली, तेव्हा दोघींची चांगलीच जुंपली. मीही तिथेच होते, लसूण सोलत. नणंद असल्यामुळे मधे बोलायचा हक्क होता आणि तो मी सोडला नाही.

थोरली : फ्रिजवर हे काय चिकटवलंयस? शाळेचं वेळापत्रक?

धाकटी : आठवड्याचा बेत आहे, ताई. रविवारी ठरवते, त्यावरून यादी करते आणि यादीत आहे तेवढंच आणते. संध्याकाळी सातला दारात पाऊल टाकलं की ‘आज काय करू’ हा प्रश्न नको असतो मला.

थोरली : मंगळवारी टोमॅटोचं सार, गुरुवारी पनीर. तेही टोमॅटोतलंच. टोमॅटो शंभरावर गेला की हा कागद काय म्हणतो?

धाकटी : पाव किलो आणते मग.

थोरली : जुलै २०२३ मध्ये पण आणलास?

धाकटी : आणला. दीडशेनं आणला. मुलांना सार लागतं.

थोरली : मुलांना आंबट लागतं गं. ते टोमॅटोचंच पाहिजे असं कुठं म्हणतात? घरात चिंच आहे, आमसूल आहे, ताक आहे. चुका डाळीत घाल, चाकवत ताकात घाल. आमच्या सासूबाईंनी टोमॅटोशिवाय उभं आयुष्य आमटी केली, तिला कुणी नावं ठेवली नाहीत. तू आधी कागद भरतेस आणि मग बाजारात जातेस. मी आधी बाजार बघते, मग चुलीकडं वळते.

(सासूबाई, म्हणजे आमची आई, शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होती. तिने आवाज कमी केला.)

त्या २०२३ च्या टोमॅटोची गोष्ट इथे सांगायला हवी. जुलैत किरकोळ भाव शंभरीच्या पार, काही शहरांत दोनशेपर्यंत गेला. सप्टेंबरात त्याच टोमॅटोला नारायणगाव आणि नाशिकच्या बाजारात तोडणीची मजुरी सुटेल एवढाही भाव नव्हता. शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. रोप लावल्यापासून साधारण अडीच महिन्यांत तोडणी सुरू होते. उन्हाळ्यात भाव पडले की लागवड घटते, पावसाळ्यात टंचाई होते, भाव बघून सगळे एकदम लावतात आणि अडीच महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदम येतो. हे दर एक-दोन वर्षांनी होतं. तेव्हा ज्या बेतात टोमॅटोला पर्याय नाही, तो बेत एक-दोन वर्षांतून एकदा तरी मोडणारच. या मुद्द्यावर मी थोरलीच्या बाजूची.

धाकटी : बाजार बघून चुलीकडे वळायला बाजार माझ्या वाटेवर पाहिजे, ताई. सकाळी आठला मी बाहेर पडते. मंडईत ताजा माल येतो तेव्हा मी बसमध्ये असते. बेत नसला की काय होतं सांगू? सातला घरी, घरात काही नाही, आठला मोबाइलवरून मागवलेलं जेवण. एका तशा संध्याकाळी आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात. हा कागद मला त्यातून वाचवतो.

थोरली : तसं असेल तर राहू दे कागद. पण त्यात भाजीची नावं कशाला लिहितेस? ‘पालेभाजी’ लिही. कोणती ते भाजीवाली सांगेल.

धाकटीने खरंच पेन घेतलं. तीन ठिकाणी ‘पाला’, दोन ठिकाणी ‘शेंग किंवा फळभाजी’ असं लिहिलं, टोमॅटोचं सार खोडलं, ‘सार – जे आंबट असेल त्याचं’ असं केलं. वाद मिटला असं मला वाटलं. तो मिटला नव्हता, फक्त भाजीवरून धान्यावर सरकला.

थोरली : हे गहू दुकानातनं दर महिन्याला आणतेस? वर्षाचं एकदम भरत नाहीस?

धाकटी : कुठे भरू? पलंगाखाली मुलांच्या सायकलींचे सुटे भाग आहेत आणि माळ्यावर तुम्हीच दिलेली तांब्याची भांडी.

थोरली : चेष्टा करू नको. एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा क्विंटलानं घेतला तर किलोमागं पाच-सात रुपये सुटतात.

धाकटी : सुटतात, मान्य. पण गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी वर्षाच्या भरायच्या तर एकरकमी पैसे लागतात. पगार महिन्याला येतो, घराचा हप्ता महिन्याला जातो. एप्रिलमध्ये शाळेची फी. क्रेडिट कार्डावर धान्य भरलं तर वाचलेले पाच रुपये व्याजात जातील. आणि पुण्याच्या पावसाळ्यात सोंडे झाले तर? मागे पाच किलो रवा टाकून दिला मी.

थोरली : रवा कुणी साठवतं का? भरडलेलं, दळलेलं टिकत नाही. अख्खं टिकतं. गव्हाला कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचं बोट, आणि त्याआधी दोन दिवस कडक ऊन.

धाकटी : ऊन! माझ्या गॅलरीत सकाळी साडेनऊ ते अकरा ऊन येतं. तेव्हा मी कचेरीत.

इथे मी नाक खुपसलं. साठवण करावी का, हा प्रश्नच चुकीचा आहे. कशाची करावी, हा खरा. ज्याचा भाव हंगामाबरोबर हलतो ते हंगामात घेण्यात फायदा आहे. तूर जानेवारीत निघते, लाल मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, गहू एप्रिलमध्ये, आणि टिकणारा कांदा तो उन्हाळी, एप्रिल-मेमधला. खरिपाचा कांदा ओलसर असतो, तो महिनाभरही धड राहत नाही. उन्हाळी कांदा हवेशीर जागी दिवाळीपर्यंत जातो. त्याला माळा लागत नाही, गॅलरीत टांगलेली जाळीची पिशवी पुरते. पुण्याच्या मार्केट यार्डात भाव दहा किलोचा बोलतात. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक गोणी आणली आणि जिन्यात वाटून घेतली तर किरकोळीतला फरक सरळ खिशात राहतो. धाकटीने हे पुढे केलंही. धान्याची कोठी मात्र तिच्या घरात शक्य नाही आणि तिने त्याबद्दल ओशाळायचं कारणही नाही. साठवणीतली बचत ही आधी जागा आणि रोकड असलेल्याची बचत असते. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला तोच गहू महाग पडतो. गरिबाला पावशेराचा भाव नेहमीच जास्त लागत आला आहे.

तेलाचं काय, असं मी विचारलं.

थोरली : तेलाचं नाव काढू नको. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात आम्हाला चार हजाराच्या आसपास मिळाला. आणि त्याच दिवाळीला तेलाची पिशवी महागली. माझ्या रानातलं सोयाबीन स्वस्त आणि माझ्या कढईतलं तेल महाग, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलेलं नाही.

समजावता येतं, पटेल का ते सांगता येत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल बरंचसं युक्रेन-रशियाकडून. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिकडे युद्ध पेटलं, एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, आणि इथे डबे महागले. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलांवरचं एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, सोयाबीनवाल्याला आधार म्हणून. तेल लगेच चढलं, सोयाबीन उठलं नाही. सांगायचा मुद्दा असा की तेलाला हंगाम नाही. ते साठवून सुटका नाही, कमी वापरूनच आहे. तळण सणापुरतं, आणि फोडणीला बाटली तिरपी करण्याऐवजी चमचा. थोरलीच्या हातून हे होत नाही. तिच्या शेंगाच्या चटणीवर तेलाची धार पडतेच, आणि त्याशिवाय ती चटणी खावीशीही वाटत नाही, हेही खरं.

रात्री जेवताना तिसरा वाद निघाला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

थोरली : वरण पातळ केलंस.

धाकटी : आमटीसारखं केलंय.

थोरली : आमटी घट्ट असते आमच्याकडं. डाळ किती घातलीस?

धाकटी : (थोडं थांबून) अर्धी वाटी. पूर्वी पाऊण घालायचे. तूरडाळ दीडशेच्या वर गेली तेव्हा कमी केली, मग तीच सवय झाली.

थोरली : आणि बिस्किटं किती आणतेस?

धाकटी : ताई!

थोरली : विचारते फक्त. डबा बघितला मी. तीन तऱ्हेची आहेत. वर मॅगी, वर ते कुरकुरीत काय ते.

धाकटी : कबूल. दहा मिनिटांत घरपोच देणारं ॲप आहे ना, त्याचा हा प्रताप. कोथिंबीर विसरली म्हणून उघडते. फुकट घरपोच हवं तर अमुक रुपयांची खरेदी पाहिजे, म्हणून वर काहीतरी टाकते. पंधराची कोथिंबीर दोनशेला पडते. यादीवर माझा एवढा विश्वास आहे, पण यादीच्या बाहेरून पैसे जातात.

ही गळती एका घराची नाही. सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या एकूण खर्चात पेयं, तयार आणि बाहेरचं खाणं यांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर निघाला. सगळं धान्य मिळून पाच टक्क्यांच्या आत, भाज्या चार टक्क्यांच्या आत. म्हणजे आपण कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांची घासाघीस करतो ती खर्चाच्या लहान कप्प्यात, आणि मोठ्या कप्प्याकडे बघतही नाही. त्यातून काटकसर कुठून सुरू होते? डाळीपासून. ती पातळ करता येते, कुणी पटकन ओळखत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात एका माणसाला दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं धरली आहेत, त्यात काही भाग अंडी-मासळीने भरता येतो. पाच माणसांचं महिन्याचं गणित पावणेतेरा किलो होतं. मुलांचं आणि आईचं कमी धरलं तरी दहा किलोच्या आसपास. धाकटी चार किलो आणते. आकडा ऐकून ती गप्प झाली, मग तिने मुद्दा उचलला तो मात्र खास तिचा.

धाकटी : तूरडाळच कशाला पाहिजे? सगळ्या डाळी एकदम चढत नाहीत. हरभराडाळ बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त असते. आमटीत निम्मी तूर, निम्मी मसूर घालता येते. आठवड्यातून एकदा पिठलं. अंडी दोनदा. आणि सोयाबीनच्या वड्या. त्यात निम्मं वजन प्रथिनांचं असतं आणि किलोचा भाव तुरीच्या खाली.

थोरली : सोयाबीन आम्ही विकतो. खात नाही.

धाकटी : का?

थोरली : का म्हणजे? वास येतो.

धाकटी : गरम पाण्यात घालून दोनदा पिळून काढायच्या, मग तुमच्या काळ्या मसाल्यात परतायच्या. उद्या करते. कशाच्या आहेत ते आधी सांगणार नाही.

थोरली : हुलगे घाल त्यापेक्षा. शेंगोळे कर. ओट्यावर उभी राहून वळायला पाऊण तास लागतो फक्त.

धाकटी : ‘फक्त’ पाऊण तास. ताई, तुमच्या सगळ्या स्वस्त पदार्थांत हा पाऊण तास कुठेतरी असतोच. मटकी आदल्या रात्री भिजवा, सकाळी उपसा, बांधा, मोड आले की निवडा. भाकरी थापा. दोडक्याच्या शिरांची चटणी, भोपळ्याच्या सालीची चटणी. पैसे वाचतात, नाही म्हणत नाही. पण त्या हिशेबात माझा तास कुठे लिहिलाय? गॅससुद्धा मोजता तुम्ही. माझा तास मोजत नाही.

या प्रश्नाला थोरलीने लगेच उत्तर दिलं नाही. तिने ताटातली भाकरी मोडली. मला वाटलं ती रागावली. पण ती आठवत होती.

थोरली : आमच्याकडं येसर असतो. गहू, बाजरी, हरभराडाळ, मसाले, सगळं भाजून दळून ठेवायचं. रानातनं दमून आलं की पाण्यात कालवायचा, फोडणीत ओतायचा, एक उकळी आणायची. आमटी झाली. भाजी नसली तरी चालतं. एक दिवस घालवला की तीन-चार महिन्यांची सोय. तुला काय वाटलं, आम्हाला वेळ होता? आम्हालाही नव्हताच. म्हणून तर ही कामं उन्हाळ्यात, चौघीजणी बसून उरकायची.

धाकटी : चौघीजणी. इथे मी एकटी.

थोरली : नवरा काय करतो?

(माझा धाकटा भाऊ या क्षणी पाणी आणायला उठला. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.)

माझं मत इथे ठाम आहे. एकीच्या डोक्यात असलेला बेत कागदावर येऊन फ्रिजवर लागला, तर तो बाकीच्यांनाही वाचता येतो. धाकटीच्या कागदाचा हा गुण थोरलीला दिसला नाही आणि गंमत म्हणजे धाकटीलाही नाही. शुक्रवारी ‘मटकी उसळ’ लिहिली असेल तर बुधवारी रात्री मटकी कोण भिजत घालणार ते त्याच रकान्यात लिहावं. भिजत घालायला पाककौशल्य लागत नाही. आठवीतल्या मुलालाही जमतं. शनिवारी तीन कडधान्यं एकदम भिजवून मोड आणून डब्यात घालून ठेवली तर पुढचे चार-पाच दिवस निभतात. कुकरच्या खालच्या भांड्यात डाळ आणि वर बटाटे लावले तर तेवढ्याच शिट्ट्यांत दुसऱ्या दिवसाची भाजी निम्मी होते. स्वस्त स्वयंपाक महाग पडतो तो एकाच माणसाच्या वेळावर चालतो तेव्हा.

तेवढ्यात आई बाहेर आली. म्हणाली, “बहात्तर साली मिलो खाल्ला आम्ही. लाल जोंधळा, अमेरिकेचा. गिळवत नव्हता. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची ती पोरांना ठेवायचो. तेव्हा बेत नव्हता, जे मिळेल ते होतं. बोलता कशाला एवढं, जेवा.” आणि पुन्हा टीव्हीकडे गेली.

आईला एवढंच आठवत होतं. त्याच १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, पुढे थाळ्या-लाटण्यांचे मोर्चे मंत्रालयापर्यंत गेले. तेव्हा बाईने भावाचा जाब सरकारला विचारला. आता भाव वाढला की आपण काटकसरीच्या युक्त्या शोधतो, हा लेखही त्यातलाच, हे लिहिताना मला जाणवतंय. युक्त्या उपयोगी असतात. त्यांनी भाव उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरीवरून थोडी चकमक झाली. थोरलीचा आग्रह ज्वारीचा. धाकटीने पिशवीवरचा भाव दाखवला : मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग. थोरलीला त्याचं नवल नव्हतं. ज्वारीची रानं सोयाबीन आणि उसाने खाल्ली, ताटं हाताने उपटायला माणूस मिळत नाही, आणि ज्वारी पेरणारे निम्मं तर कडब्यासाठी पेरतात, हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. पूर्वी पाहुण्याला चपाती आणि घरच्यांना भाकरी असायची. आता उलटं व्हायची वेळ आली आहे. धाकटीने आठवड्यात दोनच दिवस भाकरी ठेवली, थोरलीने ते ऐकून घेतलं. सोयाबीनच्या वड्यांची भाजीही तिने खाल्ली, “मटणासारखं लागतंय, पण मटण नाही” एवढंच बोलली. दुसऱ्यांदा वाढून घेतली, हे मी पाहिलं.

निघायच्या आदल्या रात्री धाकटीने वही काढली.

धाकटी : ताई, जानेवारीत तुमची तूर निघेल. भरडून तीस किलो डाळ पाठवाल? तेवढी मावेल माझ्याकडे. एरंडेल लावून पाठवा.

थोरली : पाठवते की.

धाकटी : पैसे घ्यायचे मात्र.

थोरली : घेणारच. फुकट दिलेली डाळ तुझ्या वहीत चढायची नाही, आणि मग तू परत वरण पातळ करशील. पण भाव कोणता धरायचा?

धाकटी : पुण्याच्या दुकानातला.

थोरली : दुकानदाराचा नफा मी कशाला घेऊ? बार्शीच्या अडतीचा धर.

धाकटी : अडतीचा भाव तुरीचा असतो, डाळीचा नाही. शंभर किलो तुरीची डाळ किती पडते?

थोरली : सत्तर, बहात्तर. राहिलेली चुणी म्हशीला. ती माझी, तिचे पैसे नको धरू.

धाकटी : बरं. तुरीचा भाव, त्यावर घट, गिरणीची भरडाई, एसटीचं पार्सल. (लिहिते.) आणि तुम्ही ती भिजवणार, तेल लावणार, गच्चीवर वाळत घालणार, संध्याकाळी गोळा करणार, चाळणार. ते?

थोरली : ते काय लिहायचं?

धाकटी : तेच तर मी विचारत होते.

थोरली : (बराच वेळ वहीकडे बघून) तुझ्या हापिसात तासाला काय धरतात?